मिनिएचर रंगवायचं म्हणजे आधी पाणी ओळखायचं

प्रश्न असा आहे: "एक बोर्डगेम घेतला. डब्यात पन्नासेक प्लास्टिकचे सैनिक, थोडे राक्षस आणि एक भलामोठा ड्रॅगन आहे. शाळा सुटल्यापासून हातात ब्रश धरलेला नाही. व्हिडिओ बघितले की वाटतं, एअरब्रश, चाळीस रंग आणि भिंग घेतल्याशिवाय काही खरं नाही. सुरुवात नेमकी कुठून करू? ड्रॅगनपासून केली तर चालेल का?"

ड्रॅगन आत्ता डब्यात परत ठेवा. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं ते साधन, तोही राहू दे. डब्यात सगळ्यात जास्त संख्येने असलेले, एकसारखे दिसणारे, खेळात पटापट मरणारे सैनिक असतील ना, त्यातले पाच बाहेर काढा. सुरुवात त्यांच्यापासून. पुढचं उत्तर जरा लांब आहे, कारण मी मिनिएचर, म्हणजे खेळातली ही छोटी मॉडेलं, पंधराएक वर्षं रंगवतोय आणि यातल्या बहुतेक चुका स्वतः करून बसलोय.

नवख्याला वाटतं हा रंगांचा छंद आहे. मला विचाराल तर हा पाण्याचा छंद आहे. रंगात किती पाणी, ब्रशच्या पोटात किती, मॉडेलवर साचलं किती, हवेत किती. तुमचं मॉडेल बिघडलं आणि तुम्ही कारण शोधायला लागलात, तर दहातल्या आठ वेळा शेवटी कुठेतरी पाणीच सापडेल. हात थरथरतो म्हणून बिघडलेली मॉडेलं मी फार कमी पाहिली आहेत.

आधी खरेदीचं उरकू. ब्रश तीनच घ्या. एक नंबरचा आणि दोन नंबरचा गोल, टोकदार, सिंथेटिक. तिसरा कुठलाही जुना, पसरट, मऊ केसांचा, ज्याचे हाल झाले तरी वाईट वाटणार नाही. मेकअपचा जुना ब्रश त्याला उत्तम. बारीक कामाला बारीक ब्रश लागतो, हा समज पहिल्याच दिवशी काढून टाका. तीन शून्यांचा ब्रश घेऊन डोळा रंगवायला गेलात, की त्या चार केसांवरचा रंग डोळ्यापर्यंत पोचायच्या आत सुकतो, आणि तुम्ही म्हणता आपला हातच वाईट. दोन नंबरच्या ब्रशला पोट असतं. त्यात रंग साठतो, ओला राहतो, आणि टोक नीट असेल तर तोच ब्रश भुवईही काढतो. बघायचं असतं ते टोक. आकडा दुय्यम.

सिंथेटिकचं टोक काही आठवड्यांत हुकासारखं वळतं. गरम पाण्यात क्षणभर बुडवून बोटांनी सरळ केलं तर थोडे दिवस आणखी चालतं, मग तो ब्रश दुय्यम कामांना. कोलिन्स्की सेबलचे ब्रश, म्हणजे सायबेरियाकडच्या एका मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे, खरोखरच वेगळ्या जातीचे असतात. विन्सर अँड न्यूटनची सिरीज सेव्हन किंवा राफाएलचे ८४०४ हे त्यातले नावाजलेले. पण ते पहिल्या वीस मॉडेलांनंतर. ब्रश धुवायची सवय लागायच्या आत महागडा ब्रश घेणं म्हणजे उतावळा नवरा. एकच नियम पाळा: रंग केसांच्या अर्ध्यावर चढू द्यायचा नाही. केस जिथे धातूच्या नळीत शिरतात तिथे रंग सुकला, की केस फाकतात आणि टोक गेलं ते गेलं.

रंग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक घ्या, आणि मिनिएचरसाठी बनवलेलेच घ्या. कॅनव्हासच्या ट्यूबमधल्या ॲक्रिलिकमध्ये रंगद्रव्य तितकं बारीक दळलेलं नसतं, मुद्दाम घट्टही केलेलं असतं. इतक्या लहान चेहऱ्यावर त्याचा लेप बसतो. वालेहो, सिटाडेल, आर्मी पेंटर, रीपर, कुठलाही घ्या, वाद घालणाऱ्यांना घालू द्या. माझा कल ड्रॉपरच्या बाटल्यांकडे, कारण थेंब मोजता येतात. झाकणाच्या डबीतून थेट ब्रश बुडवायचा मोह होतो, आणि तो मोह नडतो. काळा, पांढरा, लाल, निळा, एक उबदार तपकिरी, हाडासारखा फिकट पिवळसर, एक त्वचेचा, एक चांदीचा, आणि तपकिरी व काळा असे दोन वॉश, म्हणजे खाचांत उतरणारे खूप पातळ गडद रंग. एवढ्यात पाच सैनिक थाटात उभे राहतात. हिरवा हवा असेल तर एक हिरवा घ्या. चाळीस रंगांचा संच घेऊ नका. त्यातले तीस तुम्ही कधी उघडणार नाही.

वेट पॅलेट विकत मिळतं, घरीही होतं. झाकणाचा पसरट डबा, तळाला ओला स्पंज किंवा टिश्यूच्या तीन-चार घड्या, वर बेकिंगचा कागद. पाणी खालून कागदात हळूहळू झिरपतं आणि वरचा रंग तासन्‌तास ओला राहतो. चिनीमातीच्या बशीवर रंग पाच-दहा मिनिटांत आळतो, तुम्ही न कळत घट्ट रंग लावत राहता आणि मॉडेल खरबरीत का झालं हे कळत नाही. या छंदात पैसे आणि श्रम यांच्या मानाने सगळ्यात जास्त फरक पाडणारी वस्तू हीच.

आता मॉडेल. बोर्डगेममधली मॉडेलं बहुधा मऊ पीव्हीसीची असतात, म्हणून त्यांचे भाले आणि तलवारी डब्यात दबून वाकतात. भाला उकळत्या पाण्यात काही सेकंद धरा, मऊ झाला की सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात बुडवा. तसाच राहतो. बोटं सांभाळा, चिमटा वापरा. पुढे कधी तुकडे जोडायची मॉडेलं घेतलीत तर ती बहुधा कडक पॉलिस्टायरिनची असतील; त्यांना प्लास्टिकचा ग्लू, जो प्लास्टिक विरघळवून दोन तुकड्यांचा एकच तुकडा करतो. रेझिन आणि धातूला तो काही करत नाही, तिथे सुपरग्लू. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, म्हणून अगदी कोरड्या दिवशी तो रेंगाळतो. पाणी तिथेही आलंच.

साच्याचे दोन भाग जिथे भेटतात तिथे मॉडेलवर एक बारीक उंच रेघ राहते, तिला मोल्ड लाइन म्हणतात. कच्च्या प्लास्टिकवर ती दिसतही नाही. वॉश टाकला की मात्र कपाळावरून हनुवटीपर्यंत व्रणासारखी उठते. हॉबी नाइफची धार नव्हे, पाठ वापरून ती खरवडायची. मऊ पीव्हीसीवर पाठ नुसती घसरते, तिथे नवं पातं हळूच, अंगापासून दूर. हे कंटाळवाणं काम आहे. तरी चेहरा, खांदे आणि शस्त्र एवढं तरी कराच, बाकी सोडलंत तर मी कुणाला सांगणार नाही. मग कोमट पाणी, साबणाचा थेंब, जुना टूथब्रश. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल आणि तुमच्या बोटांचं तेल, दोन्ही निघायला हवं. रात्रभर वाळू द्या.

प्रायमर म्हणजे रंगाला धरून ठेवणारा पहिला थर. तो टाळला तर खेळताना बोटं लागून टोकांचा रंग उडतो. स्प्रेचा प्रायमर झटपट होतो, पण पीव्हीसीवर काही स्प्रे कधीच पूर्ण सुकत नाहीत. महिन्याभरानेही मॉडेल चिकट लागतं. म्हणून तुमच्या डब्यासाठी ब्रशने लावायचा पाण्याचा प्रायमर सुचवतो, आणि स्प्रे मारायचाच असेल तर आधी एकाच मॉडेलवर मारून दोन दिवस थांबा. स्प्रेचा कॅन दोन मिनिटं हलवायचा, २० ते ३० सेंटिमीटरवरून, मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपेल असा झटका, पातळ पातळ. एका दमात झाकायला गेलात की चेहऱ्याचे खड्डे भरतात. उघड्यावर मारा, मास्क लावून.

आणि दमट दिवशी मारू नका. माझी वीस मॉडेलांची अख्खी तुकडी मी एका पावसाळी संध्याकाळी, उद्या खेळ आहे म्हणून, स्प्रेखाली घातली होती. सकाळी प्रत्येकाच्या अंगावर रवाळ पांढुरकी बुरशी आल्यासारखं दिसत होतं. खूप उन्हातही दगा होतोच: थेंब हवेतच सुकतात आणि अंगावर धूळ बसल्यासारखा थर येतो. स्प्रे मारायला घाई असेल तो दिवस स्प्रे मारायचा नसतो, एवढं मला तेव्हा कळलं.

रंग कोणता? काळ्या प्रायमरवर राहिलेली फट सावली वाटते, पण वर लाल-पिवळा झाकायला चार थर लागतात. पांढऱ्यावर रंग खुलतात, पण राहिलेली प्रत्येक जागा डोळ्यात खुपते. पहिल्या पाचांना राखाडी द्या.

इथून खरी गोष्ट सुरू होते. समजा सैनिकाच्या पाठीवर झगा आहे, आणि तो लाल करायचाय. पॅलेटवर लाल रंगाचे दोन थेंब. ब्रश पाण्यात बुडवून टोक पेल्याच्या कडेला टेकवा, ओघळणारं पाणी जाऊ द्या, आणि उरलेलं रंगात मिसळा. असं दोन-तीनदा. किती पाणी, याचं प्रमाण कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. प्रत्येक बाटली वेगळी, जुनी झालेली आणखी वेगळी. पारख अंगठ्याच्या नखावर करायची. भरलेल्या ब्रशने नखावर एक रेघ ओढा. रेघ सलग आली, कडा जागेवर राहिल्या आणि खालचं नख जरासं दिसतंय, तर रंग बरोबर. रेघ फुटून नखाच्या कडेच्या खाचेत पळाली, तर पाणी जास्त. रेघेत केसांच्या खुणा राहिल्या, तर कमी. कसलेल्या लोकांच्या डाव्या अंगठ्याचं नख बघा, कायम रंगीत असतं.

आता ब्रश भरा, अर्ध्यापर्यंतच, आणि पॅलेटवर किंचित फिरवत टोक करून घ्या. मग एक गोष्ट जी मला तीन वर्षं कुणी सांगितली नाही: ब्रशची बाजू क्षणभर टिश्यूला टेकवायची. टोक नाही, बाजू. टिश्यू जादाचं पाणी ओढून घेतो, रंग पोटात राहतो. हे न करता मॉडेलला हात लावला, की पहिल्याच स्पर्शाला थेंब सुटतो आणि झग्याच्या घडीतून वाहत पार बुटापर्यंत जातो. लोक याला हाताची चूक समजतात. ती टिश्यूची चूक आहे.

दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवा, कोपरं टेबलावर. आता हात थरथरले तरी ब्रश आणि मॉडेल एकत्रच थरथरतात, म्हणजे फरक पडत नाही. मॉडेल थेट बोटात धरू नका. बाटलीच्या रुंद झाकणावर किंवा बुचावर चिकट पुट्टीने बसवा. झग्यावर ब्रश वरून खाली ओढा, घडीच्या दिशेने, एकाच दमात. जिथे ब्रश उचलता तिथे सगळ्यात जास्त रंग पडतो, हे लक्षात ठेवा. म्हणून जिथे रंग गडद हवा तिकडे ओढत न्यायचं आणि तिथे उचलायचं. पुढे थर मिसळायला, छटा चढवायला लागाल तेव्हा सगळं कसब या एका वाक्यावर उभं असेल.

पहिला थर अर्धवट, डागाळलेला, राखाडी खालून डोकावणारा दिसणार. दिसू द्या. अर्धवट सुकलेल्या रंगावर परत ब्रश फिरवायचा मोह सगळ्यांना होतो आणि तिथेच घात होतो: ॲक्रिलिकची वरून साय धरलेली असते, ब्रश ती फाडून ओढतो, आणि खाली खड्डा पडतो. नुकताच लावलेला ओला रंग पुसता येतो, पूर्ण सुकलेल्यावर पुन्हा थर देता येतो, मधल्या अवस्थेत मात्र हात लावायचा नाही. पाच मॉडेलं एकदम घ्या म्हणालो ते यासाठीच. पाचव्याचा झगा होईपर्यंत पहिल्याचा सुकलेला असतो, आणि थांबण्याचा संयम आपोआप येतो. दोन पातळ थर, लाल किंवा पिवळा असेल तर तीन. पिवळा हा सगळ्यांचाच छळवादी. त्याच्याखाली आधी फिकट तपकिरी किंवा गुलाबी द्या, थेट काळ्या-राखाडीवर तो हिरवट मळका दिसतो.

क्रम आतून बाहेर ठेवा. त्वचा, मग कपडे, मग चिलखत, मग पट्टे आणि बकला. कपडे घालतो त्याच क्रमाने. आतल्या जागी ब्रश नेताना बाहेरच्या भागावर रंग लागणारच, आणि तो भाग अजून रंगवायचाच असल्याने काही बिघडत नाही.

सगळे मूळ रंग लावून झाले की मॉडेल भयंकर दिसेल. सपाट, खेळण्यासारखं, चेहरा तर मेणाचा. निम्मे लोक छंद इथे सोडतात. हा टप्पा माझ्या आजच्या मॉडेलांनाही येतो, फक्त आता मी त्याच्याकडे बघत बसत नाही.

पुढचा वॉश. हा खूप पातळ गडद रंग असतो, खाचाखोचांत उतरून सुकतो आणि सावल्या आपोआप उमटतात. दहा मिनिटांपूर्वीचं खेळणं अचानक माणूस वाटायला लागतं. त्या आनंदात लोक अख्खं मॉडेल त्यात न्हाऊ घालतात. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण वॉशच्या बाबतीत शिवी आहे. सपाट जागी साचलेला वॉश सुकताना कडेला गडद वर्तुळ सोडतो, ओल्या पेल्याचा टेबलावर उठतो तसं. म्हणून वॉश लावल्यावर मिनिटभर तिथेच थांबा. ब्रश धुवा, टिश्यूवर कोरडा करा आणि जिथे डबकं दिसेल तिथे टोक टेकवा. कोरडा ब्रश ते पिऊन घेतो. त्वचेवर आणि लाल कपड्यावर तपकिरी वॉश, चांदीवर काळा. मग अर्धा तास मॉडेल बाजूला.

सावल्या रंगवायच्या कशाला, प्रकाश पडतोच की, असं कुणी विचारलं तर: २८ मिलिमीटरचं मॉडेल माणसाच्या साठाव्या हिश्शाएवढं आहे. त्याच्या झग्याची घडी दीड-दोन मिलिमीटर खोल. खोलीतला दिवा तिथे लांबून दिसेल अशी सावली पाडूच शकत नाही. म्हणून ती आपण खोटी पाडतो आणि उजेडही खोटा देतो, तोही वाजवीपेक्षा भडक. हातात धरल्यावर अतिरेकी वाटणारा फरक खेळाच्या टेबलावर, हातभर अंतरावरून, जेमतेम पुरतो.

उजेड देण्याची सोपी रीत म्हणजे ड्रायब्रश. इथे पाणी शून्य. जुना पसरट ब्रश पूर्ण कोरडा, टोकाला फिकट रंग, आणि तो रंग टिश्यूवर पुसायचा, पुसायचा, संपला असं वाटेपर्यंत पुसायचा. मग मॉडेलवरून हलक्या हाताने आडवा फिरवायचा. फर, केस, साखळीचं चिलखत, दगड यांचे उंच कंगोरे आपोआप उजळतात. सपाट झग्यावर आणि चेहऱ्यावर ड्रायब्रश करू नका, खडू फासल्यासारखा दिसतो. तिथे मूळ रंगात थोडा फिकट रंग मिसळून घडीच्या माथ्यावर रेघा, आणि कडांवर ब्रशचं टोक नव्हे तर बाजू घासत न्यायची. कड स्वतःच ब्रशला वाट दाखवते.

लाल उजळायला पांढरा मिसळला तर गुलाबी होतो. नारिंगी मिसळा, किंवा तो हाडाचा पिवळसर. हिरव्यात पिवळा. काळ्याला राखाडी, आणि तोही अगदी कडेलाच. काळ्यावर जास्त उजेड दिला की तो राखाडी कपडा होतो.

या सगळ्याला फाटा देणारा एक रस्ता आहे. मिनिएचर आणि त्यांचे रंग बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने २०१९ मध्ये कॉन्ट्रास्ट नावाचे रंग आणले, आणि आता बहुतेक कंपन्यांकडे तसले रंग आहेत. फिकट प्रायमरवर एकच थर: खाचेत गडद, माथ्यावर फिकट. काही जुने लोक याला फसवणूक म्हणतात. मला तसं वाटत नाही. पन्नास सैनिक संपवायचे असतील तर आधी काळा, मग वरून पांढरा प्रायमर मारून त्यावर हे रंग लावले की काम तिप्पट वेगाने होतं. पण पहिले पाच जुन्या पद्धतीने करा. या रंगांनीही डबकी साचतात, मोठ्या सपाट जागी डाग पडतात, आणि ते आवरायला लागणारं पाण्याचं भान या पहिल्या पाचांवरच येतं.

डोळे. नका रंगवू. खरंच सांगतोय. पहिल्या पाचांच्या डोळ्यांत वॉशची सावली पुरते, टेबलावर ते नजर रोखून बघताहेत असंच वाटतं. वाईट रंगवलेले डोळे मात्र दोन फुटांवरूनही घाबरलेले दिसतात. कधी करायचेच झाले तर चेहऱ्याच्या आधी करा: खोबणीत गडद तपकिरी, त्यावर पांढुरकी आडवी रेघ, मध्ये गडद उभी रेघ. ठिपका नको, रेघ. ठिपक्याने डोळे वटारल्यासारखे दिसतात. मग त्वचेच्या रंगाने वरून-खालून कापत आकार द्यायचा.

चांदी आणि सोन्याच्या रंगात अभ्रकासारखे चमकणारे कण असतात. त्यांना पाण्याचा वेगळा पेला ठेवा. तोच पेला वापरलात तर पुढच्या मॉडेलच्या गालावर चकाकी येते आणि ती काही केल्या जात नाही.

पायाखालची चकती, म्हणजे बेस, शेवटी ठेवा पण सोडू नका. पांढरा डिंक, वाळू, सुकल्यावर तपकिरी रंग, फिकट ड्रायब्रश, दोन झुपके गवताचे, आणि चकतीची कड एकाच स्वच्छ रंगात. मधलं मॉडेल सामान्य असलं तरी कड नीट रंगवलेली असेल तर काम पूर्ण वाटतं. मात्र सैनिकाच्या उंचीचे खडक आणि झाडं चकतीवर चढवू नका, नाकापेक्षा मोती जड होतो.

खेळात हाताळायची मॉडेलं असतील तर वार्निश हवंच. मॅट घ्या. स्प्रेचं असेल तर दमट हवेचा नियम इथे दुपटीने लागू, कारण प्रायमर बिघडला तर वर रंग देता येतो. वार्निश पांढरं पडलं तर आठवड्याचं काम धुक्यात जातं. कधी कधी वरून ग्लॉस वार्निशचा ओला थर दिला की धुकं विरतं, मग पुन्हा मॅट. ब्रशने लावायचं वार्निश सुरक्षित, फक्त तेही साचू द्यायचं नाही.

आणि अगदीच फसलं तर? आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडा वेळ बुडवा आणि टूथब्रशने घासा, रंग सुटतो. हातमोजे घाला, खिडकी उघडा, ज्योत जवळ नको. बहुतेक प्लास्टिक हे सोसतं, काही रेझिन मऊ पडतात, म्हणून आधी फुटक्या तुकड्यावर बघा. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन चुकूनही वापरू नका, पॉलिस्टायरिनचा अक्षरशः चिखल होतो.

थोडं तब्येतीचं. ब्रशला टोक आणायला तोंडात घालणारे बरेच आहेत, मीही होतो. पॅलेटवर फिरवूनही टोक येतं. जुनी धातूची मॉडेलं हाती लागली तर त्यात शिसं असू शकतं, कानस मारताना धूळ उडू देऊ नका, हात धुवा. रंगाच्या पाण्याचा पेला आणि पिण्याचा पेला वेगळ्या आकाराचे असावेत. का ते विचारू नका.

पहिल्या पाचांना किती वेळ? तासाभराच्या दहा-बारा बैठका धरा. दिवा पांढऱ्या उजेडाचा, साधारण ५००० ते ६५०० केल्विनचा, ज्या हाताने रंगवता त्याच्या विरुद्ध बाजूने, म्हणजे हाताची सावली मॉडेलवर पडत नाही. भिंग नंतर, लागलंच तर. पाठ दुखायच्या आत उठा.

आणि डब्यावरच्या फोटोशी तुलना करू नका. ते काम दिवसभर तेच करणाऱ्या पगारी माणसांचं असतं, गेम्स वर्कशॉपमध्ये त्यांची 'एव्ही मेटल' नावाची खास टीम आहे. गोल्डन डेमन ही त्यांची स्पर्धा १९८७ पासून चालू आहे. तिथल्या एकेका मॉडेलवर महिने गेलेले असतात. फोटोत शंभरपट मोठं दिसणारं मॉडेल बघून तुम्ही अंगठ्याएवढ्या मॉडेलवर खट्टू होता. दुसऱ्या पाचांची तुलना पहिल्या पाचांशी करा, तेवढ्यासाठी पहिल्यांच्या चकतीखाली तारीख लिहून ठेवा आणि पुढे कितीही लाज वाटली तरी त्यांचा रंग काढू नका.

एअरब्रशबद्दल एवढंच: त्याला कॉम्प्रेसर लागतो, मास्क लागतो, हवा खेळती लागते, आणि रंगवण्याइतकाच वेळ सफाईत जातो. तोही पातळ रंगावरच चालतो. रंगात पाणी किती हे नखावर कळायला लागलं नसेल, तर त्याची सुई दर दहा मिनिटांनी तुंबेल.

राहिला ड्रॅगन. लहान सैनिकावर तपशील इतका दाट असतो की ब्रशची चूक कुठल्या तरी पट्ट्याआड लपते. ड्रॅगनच्या पंखावर तळहाताएवढी सलग जागा आहे, तिथे घट्ट रंगाचा प्रत्येक फराटा आणि वॉशचं प्रत्येक वर्तुळ समोर दिसतं. वीसेक सैनिक झाले की त्याला बाहेर काढा. खवल्यांना वॉश आणि ड्रायब्रश, ते एका संध्याकाळी होतील. पंखांना मात्र वॉश नको. मूळ रंगाच्या दोन-तीन छटा करा, प्रत्येक नखावर दिसेल न दिसेल इतकी पातळ, आणि हाडाकडून कडेकडे ओढत न्या. एका पंखाला दोन बैठका लागतील, दुसरा पंख पहिल्यापेक्षा बरा होईल, आणि मग पहिला परत करावासा वाटेल.